आईनं पाठवलेली नाताळची ताटं

माझी आई पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं. बाबा सौंसरच्या शाळेत शिकवायचे आणि रोज बसनं जाणं-येणं करायचे. आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. चर्चला जायचं तर नागपूर गाठावं लागायचं, आणि आईच्या ड्यूट्यांमुळे ते वर्षातून दोनदा जमलं तरी खूप.

नाताळच्या आधी आठ दिवस आई दवाखान्यातून आली की पदर खोचून फराळाला बसायची. करंज्या, शेव, अनारसे, आणि शेवटी केक. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वाळू तापवून त्यात ती केकचा डबा ठेवायची. वरून संत्र्याची साल किसून टाकायची. आमच्या घरचा केक अंड्याचा असायचा. शेजाऱ्यांसाठी मात्र दही घालून बिनअंड्याचा केक वेगळा व्हायचा. त्याचा गंज वेगळा, चमचे वेगळे, चाळणीसुद्धा वेगळी. ही भांडी वर्षभर कापडात बांधून माळ्यावर ठेवलेली असत. "त्यांच्या मनात शंका यायला नको," आई म्हणायची. अख्ख्या करंज्या शेजाऱ्यांच्या ताटात जायच्या, फुटलेल्या आमच्या डब्यात. लहानपणी मला वाटायचं, करंजी अशी फुटलेलीच असते.

गल्लीतल्या सात घरी ताटं पोचवायचं काम माझं. पहिलं ताट भिंतीला भिंत लागून असलेल्या काकूंकडे. काका हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले, घर शिस्तीचं, दारात रोज रांगोळी. काकू उंबऱ्यावरच ताट घ्यायच्या.

"बडा दिन आहे नं आज? सिस्टरनं कायले एवढा त्रास घेतला वं?"

मग आत जाऊन ताट रिकामं करायच्या, धुवायच्या आणि त्यात मूठभर साखर घालून परत द्यायच्या. मला ते फार चांगलं वाटायचं.

सहावीत असताना नाताळच्या दुसऱ्या दिवशी वाळत घातलेला आमचा टॉवेल वाऱ्यानं त्यांच्या परसात उडून गेला. मी आणायला गेले. तिथे त्यांची गाय बांधलेली होती, आणि तिच्यापुढच्या टोपल्यात सरकीच्या ढेपेबरोबर आमच्या करंज्या होत्या. केकचा एक तुकडाही होता. गाय करंज्या आधी वेचून खात होती. मी टॉवेल उचलला आणि घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं, आता आई काकूंच्या दारात जाईल.

आई गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला माहीत आहे."

"केव्हापासून?"

"पहिल्या वर्षापासून."

"मग काहून पाठवते?"

"मी काय पाठवायचं ते मी पाहीन. त्यांनी त्याचं काय करायचं ते त्या पाहतील."

 पुढच्या नाताळात माळ्यावरची भांडी पुन्हा उतरली. मी पुन्हा ताट नेलं. काकू पुन्हा म्हणाल्या, कायले एवढा त्रास. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. त्या हसल्या, आणि मला साखर घातलेलं ताट तिथेच टाकून पळून यावंसं वाटलं. पण मी ते नीट धरून घरी आणलं. आईनं साखर डब्यात ओतली. चहाला वापरली.

आठवीत असताना नागपूरच्या चर्चमध्ये नाताळच्या सकाळी बायबलमधला शास्त्रपाठ म्हणायला माझी निवड झाली. पांढुर्ण्यासारख्या लांबच्या गावच्या मुलीला असं कोणी बोलावत नसे. नागपूरला राहणाऱ्या आजीनं पत्र पाठवून कळवलं होतं. मी महिनाभर पाठ घोकला. आईनं निळ्या कापडाचा फ्रॉक शिवला, आणि दोन दिवसांची सुट्टी मागून घेतली.

नाताळच्या पहाटे आम्ही कुलूप लावून स्टेशनला निघतच होतो, तेवढ्यात काका अनवाणी धावत आले. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायला तीन आठवडे बाकी होते, पण कळा सुरू झाल्या होत्या.

"सिस्टर, डॉक्टरीणबाई छिंदवाड्याले गेल्या म्हणते. दवाखान्यात एकच नवी पोरगी आहे. तुम्ही जरा येता काय?"

आईनं हातातली पिशवी बाबांना दिली. माझ्याकडे एकदा पाहिलं. "तुम्ही दोघं जा पुढे," ती बाबांना म्हणाली. बाबा म्हणाले, "तुझ्याशिवाय काय जायचं," आणि त्यांनी कुलूप उघडलं. दोघांपैकी कोणी मला विचारलं नाही. गाडीची शिट्टी आमच्या घरात ऐकू यायची. ती मी पायरीवर बसून ऐकली.

काकूंच्या मुलीला टांग्यातून दवाखान्यात नेलं. बाळ पायाळू होतं. दुपारभर बाबा मला काहीबाही सांगून हसवायला बघत होते. मी फ्रॉक बदलला नाही. संध्याकाळी आई परत आली तेव्हा तिची नवी साडी डागांनी खराब झाली होती आणि डोळे लाल होते. "मुलगा झाला," ती म्हणाली. "दोघंही सुखरूप आहेत." चहाचा एक घोट घेऊन ती मला म्हणाली, "ताटं राहिली नं? आता इथेच आहोत तर अंधार पडायच्या आत देऊन ये."

"मी नाही जाणार," मी म्हटलं. आईला मी पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं.

"बरं."

तिनं तोंड धुतलं, साडी बदलली आणि सातही ताटं एकेक करून स्वतः नेऊन दिली. काकूंचं सगळ्यांत आधी.

बाराव्या दिवशी बारसं होतं. काकू स्वतः बोलवायला आल्या आणि आईचा हात धरून रडल्या. म्हणाल्या, "तुम्ही नसत्या तर काय झालं असतं?" मी मनात म्हटलं, आता तरी. आईनं बाळासाठी लोकरीचं टोपडं विणलं होतं. आम्ही दोघी गेलो. बायका पाळण्याभोवती होत्या. बाळ माझ्या आईच्या मांडीवर दिलं, तिला खण-नारळ दिला. जेवणाची वेळ आली तेव्हा आत स्टीलच्या ताटांची पंगत बसली. आम्हा दोघींना काकूंनी ओसरीत सतरंजीवर बसवलं आणि पत्रावळीवर वाढलं. "इथे हवा चांगली लागते," त्या म्हणाल्या. जानेवारीचा महिना होता.

मी उठायला लागले. आईनं माझं मनगट दाबून धरलं. ती शांतपणे जेवली, वरण पुन्हा मागून घेतलं आणि पत्रावळी आपल्याच हातानं उचलून बाहेर टाकल्या. माझी पत्रावळ तशीच भरलेली होती.

घरी आल्यावर मी तिला खूप बोलले. तुला काही वाटत कसं नाही, तुला मान आहे की नाही, त्यांच्या मुलीला हात लावलेला चालतो आणि ताटाला चालत नाही. बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकत होते.

आई मोरीत हात धूत होती. बराच वेळ धूत राहिली. मग वळली, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका चिडलेला होता. "मला काही वाटत नाही असं कोणी सांगितलं तुला? दरवर्षी वाटतं. आजही वाटून राहिलं. पण मला वाईट वाटतं म्हणून मी चांगलं वागायचं सोडू काय? प्रभूनं असं कुठे सांगितलं?"

"मग त्यांना सांग तरी."

"काय सांगू? माझा केक खा म्हणून?"

तिचा तो प्रश्न मला अजून आठवतो. त्याचाच मला राग येतो.

मी दहावीत असताना काकूंची मुलगी नाताळात माहेरी आलेली होती. एका दुपारी पोराला कडेवर घेऊन ती मागच्या दारानं आमच्या स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसली. "सिस्टर, मले द्या नं तुमचा केक. दवाखान्यात होती तेव्हा वास यायचा तुमच्या डब्याचा." आईनं घाईनं शेजाऱ्यांसाठीच्या केकचा डबा उघडला. काकूंच्या मुलीनं दोन तुकडे खाल्ले, पोराच्या तोंडातही भरवला. जाताना म्हणाली, "आईले सांगू नका हं."

"म्हणजे चोरून?" मी म्हटलं.

ती गोरीमोरी झाली. आईनं मला गप्प केलं, आणखी एक तुकडा कागदात बांधून तिच्या हाती दिला. ती गेल्यावर आई दिवसभर गुणगुणत होती. एवढ्यानं ती सुखावते हे मला बघवेना. ज्या मुलीला हिनं मरणातून ओढून काढलं, ती मागच्या दारानं येते आणि तोंड पुसून जाते, आणि आपण त्याचा आनंद मानायचा. मी आईला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "आली तर खरी."

पुढच्या उन्हाळ्यात आईची बदली सौंसरला झाली. बाबांचं जाणं-येणं संपलं. नव्या घराच्या एका बाजूला पोस्टमास्तर, दुसऱ्या बाजूला संत्र्याचे बगीचेवाले. पहिल्याच आठवड्यात आई दोन्ही घरी जाऊन ओळख करून आली. डिसेंबर लागला तसं तिनं मला कापडात बांधलेली ती भांडी काढायला माळ्यावर चढायला सांगितलं. मी तेव्हा अकरावीत होते. मी परीक्षेचं कारण सांगितलं आणि पुस्तक उघडून बसले. तिनं स्टूल ओढलं, स्वतः वर चढली. स्टूल हलत होतं. मी पान उलटलं, पण वाचत काहीच नव्हते. शेवटी उठले आणि ती उतरेपर्यंत स्टूल धरून ठेवलं.