डेडस्टॉकमधलं ओगराळं

“हा एक परिच्छेद तेवढा काढा बाई. बाकी उत्तम उतरलंय,” हेडसर म्हणाले आणि माझ्या हस्तलिखिताच्या सहाव्या पानावर त्यांनी पेन्सिलीने हलकीशी फुली मारली. देवरे सर सज्जन गृहस्थ होते. माणसाला दुखवायचं झालं तरी ते पेन्सिलीनेच दुखवत.

चांदवड तालुक्यातल्या एका गावचं हायस्कूल. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नाशिक रोडची, कामगाराची मुलगी, इतिहास आणि मराठी शिकवायचे. नोकरीला दोन वर्षं होत आली होती. खासगी संस्थेच्या शाळेत पहिली दोन वर्षं प्रोबेशनची, म्हणजे शिक्षक पटला तर कायम, नाही तर रामराम. जूनमध्ये माझी कायमची ऑर्डर निघायची होती. घरात पगार आणणारी मी दुसरी आणि शिकलेली पहिली, त्यामुळे त्या ऑर्डरची वाट माझ्यापेक्षा आईच जास्त बघत होती.

त्याच वर्षी शाळेला पन्नास वर्षं होत होती. आधी चौथीपर्यंतची शाळा, मग वाढत वाढत हायस्कूल. समारंभ ठरला, स्मरणिका ठरली. “पगारे बाई इतिहासाच्या, शाळेचा इतिहास त्याच लिहितील,” असं स्टाफ मीटिंगमध्ये ठरलं. बाकीच्यांनी लगबगीने माना डोलावल्या. काम दुसऱ्याच्या गळ्यात पडलं की आपल्याकडे एकमत लवकर होतं.

फुली मारलेला परिच्छेद असा होता: शाळा सुरू झाली तेव्हा तेव्हाच्या महारवाड्यातली तीन मुलं वर्गात बसत नसत. ती बाहेर ओट्यावर बसत आणि गुरुजी त्यांना खिडकीतून शिकवत. पाटी तपासायची असली की मुलं ती उंबऱ्याजवळ ठेवून मागे सरत. पाणी त्यांच्या ओंजळीत वरून ओतलं जाई.

हे मला कचरूबाबांनी सांगितलं होतं. त्या तिघांपैकी हयात असलेले तेवढेच. वय साठीचं, दिसायचे पंचाहत्तरीचे. दुसऱ्याच्या मळ्यात राबून कंबर वाकलेली. मी बौद्धवाड्यात त्यांच्या शेजारची खोली घेऊन राहायचे. गावात खोली मिळाली नव्हती. का मिळाली नव्हती ते सांगत बसत नाही.

“आमी तिघं व्हतो,” ते सांगायचे. “मी, माह्या चुलत्याचा किसन आन् धोंडू. ऊन फिरलं का आमी फिरायचो. सकाळी वडाच्या बाजूला, दुपारी भितीच्या बाजूला. समदी शाळा आमी सावलीच्या मागं मागं शिकलो.”

“बाबा, हे छापू का?”

“छाप की. मी सांगतो तर माह्यी सुनबी म्हणती, म्हातारं काहीबाही रचून सांगतं. लिवलेलं आसलं म्हंजी खरं वाटंल.”

एवढंच हवं होतं त्या माणसाला. आपण खोटं बोलत नाही, एवढं कुणीतरी मान्य करावं.

मी हेडसरांना म्हटलं, “सर, हे खरं आहे.”

“असेल. पण पुरावा? एका म्हाताऱ्याचं सांगणं. तुम्हीच ना मुलांना शिकवता, साधनांशिवाय इतिहास नाही? मी व्हरांड्यातून ऐकलंय.” साधन म्हणजे ज्याच्यावरून मागचं कळतं ते, नाणं, पत्र, दस्त, काहीही. सर पुढे आवाज उतरवून म्हणाले, “आणि जूनमध्ये तुमची ऑर्डर आहे. सही चेअरमनअण्णांची. अण्णा या शाळेच्या पहिल्या तुकडीतले. त्यांच्या शाळेबद्दल असं छापून तुम्ही त्यांच्याकडे सही मागणार? मी तुमच्या भल्याचं सांगतोय.”

मला राग आला. त्याहून जास्त लाज वाटली, कारण पुराव्याबद्दलचं त्यांचं बोलणं बिनचूक होतं. माझंच वाक्य त्यांनी माझ्या पदरात टाकलं होतं.

“पुरावा आणला तर?”

“तर बघू. पण मार्चअखेर. एप्रिलात मजकूर नाशिकला छापखान्यात द्यायचाय.”

मी शोधायला लागले. आधी जनरल रजिस्टर. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची त्यात नोंद असते: नाव, जन्मतारीख, जात, कधी आला, कधी गेला. तिन्ही नावं सापडली. जातीचा रकाना भरलेला. पण मूल कुठे बसलं, याला रकानाच नाही. मग हजेरीपट. तिघंही हजर. ओट्यावर बसलेलं मूलही हजर आणि वर्गात बसलेलंही हजरच. मग लॉगबुक, म्हणजे तपासायला येणारे साहेब आपला शेरा लिहितात ती वही. तिच्यावर माझी सगळी भिस्त होती. आमचे शिपाई रहेमानचाचा ती कपाटाच्या तळातून काढून घेऊन आले, पण पहिली चाळीसेक पानं वाळवीने खाल्ली होती. उरलेल्या पानांत मुलांची कवायत चांगली होती एवढंच होतं. मार्च निम्मा सरला आणि मी हात टेकले.

मार्चअखेर म्हणजे शाळेत डेडस्टॉकची पडताळणी. सांगायला हवं, डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तू. बाकं, घंटा, नकाशे, लेझमी. त्यांचं एक रजिस्टर असतं. वर्षातून एकदा कुणीतरी ते वाचायचं, कुणीतरी वस्तू उचलून दाखवायची, पुढे टिक करायची, शेवटी हेडसरांची सही. वस्तू मोडली, गंजली, तरी ती फेकता येत नाही. रीतसर निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे कमिटीपुढे वस्तू ठेवून, ठराव करून तिचं नाव रजिस्टरातून काढावं लागतं. तो खटाटोप कुणीच करत नाही. म्हणून प्रत्येक जुन्या शाळेत एक अंधारी खोली असते आणि तिच्यात निरुपयोगी वस्तू वर्षानुवर्षं सुखाने नांदत असतात. हे काम नव्या शिक्षकाच्या वाट्याला येतं. आमच्याकडे सगळ्यांत नवी मीच होते.

मी वाचत होते, रहेमानचाचा आतून वस्तू दाखवत होते.

“घंटा, पितळी, एक.”

“हाय.”

“नकाशा, हिंदुस्थानचा, फाटका, एक.”

“हाय.”

“ओगराळे, पितळी, दांडा वाढविलेले, एक.”

“हाय.”

मी टिक केली. “खुर्ची, हात मोडलेली...” इथे माझा आवाज थांबला.

“चाचा, ते मागचं परत दाखवा.”

चाचांनी ते बाहेर उजेडात आणलं. हंड्यातून पाणी काढायचं साधं ओगराळं. पण त्याच्या पितळी दांड्याला पुढे लोखंडी सळई जोडलेली होती. दोन रिव्हेट मारून, लोहाराकडून करून घेतलेली. सगळा दांडा माझ्या हातापेक्षा लांब.

“एवढा लांब कशाला हो?”

“मला काय म्हाईत? माझ्याबी आधीचं हाय ते. पन बाई, मागल्या साली दाखवलं व्हतं की तुमाला. तवा काय बोलल्या न्हाई.”

खरं होतं. मागच्या वर्षीची टिक माझ्याच हातची होती. मी इतिहासाची शिक्षिका. दोन महिने ज्याच्यासाठी वणवण करत होते, त्याच्यापुढे मी स्वतः ‘आहे’ अशी खूण करून मोकळी झाले होते. आजही करून मोकळीच झाले होते.

रजिस्टर भरलं की जुन्यावरून नव्यात नोंदी उतरवून घेतात आणि उतरवणारा कंटाळून शेऱ्याचा रकाना सोडून देतो. मी जुनी रजिस्टरं मागितली. चाचांनी तीन गठ्ठे सोडले. अगदी पहिल्या रजिस्टरात, फिकट शाईत, नोंद होती: ‘ओगराळे पितळी, दांडा वाढवून, नग १.’ आणि पुढे शेऱ्यात: ‘ओट्यावरील मुलांस पाणी घालणेकामी.’

मी तो शेरा चाचांना मोठ्याने वाचून दाखवला. हातातलं ओगराळं त्यांनी सावकाश भिंतीशी टेकवून ठेवलं.

दोन्ही रजिस्टरं घेऊन मी हेडसरांच्या खोलीत गेले. सरांनी शेरा वाचला. चष्मा काढून पुसला, परत वाचला. मग मी नवं रजिस्टर उघडलं. प्रत्येक वर्षाखाली लिहिलेलं होतं, ‘प्रत्यक्ष पडताळणी केली. बरोबर आहे.’ खाली देवरे सरांची सही. अशा अकरा सह्या.

“पुरावा बरोबर असल्याचं आपणच लिहून दिलंय सर. दर वर्षी.”

सरांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, “हे कधीच निर्लेखित करायला हवं होतं.”

“करू या ना. फक्त नियमाप्रमाणे वस्तू कमिटीपुढे ठेवावी लागेल. कशासाठी घेतली होती, तेही वाचून दाखवावं लागेल.”

हे मी मुद्दाम म्हणाले. सरांनाही ते कळलं. पण नियमाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

कमिटीची मीटिंग शनिवारी दुपारी होती. रजिस्टरं माझ्या ताब्यात म्हणून मलाही बोलावलं होतं. चेअरमनअण्णा मधोमध बसलेले, कांद्याचे मोठे बागायतदार, कमी बोलणारे. विषय आला तसा हेडसरांनी शेरा वाचला. घाईघाईने वाचला, तरी शब्द सगळे ऐकू आले. रहेमानचाचांनी ओगराळं टेबलावर ठेवलं. ऑर्डर गेली असं धरून मी नाशिक रोडची कुठली गाडी मिळेल त्याचा विचार करत होते.

अण्णांनी ओगराळं उचललं. दांड्याच्या टोकाला धरलं आणि मनगट हळूच वळवलं. हाताला ते काम ठाऊक होतं.

“ह्यानं मीच वाढायचो,” ते म्हणाले. “मॉनिटर व्हतो मी. उंबऱ्याच्या आतून वाढायचं, भाईर पाय टाकायचा नाय, आसं गुरुजींनी शिकवलेलं. एक डाव हात हालला आन् समदं पानी कचरूच्या अंगावर. समदी पोरं हसली. मीबी हसलो.”

त्यांनी ओगराळं परत टेबलावर ठेवलं.

“निर्लेखन-बिर्लेखन नाय करायचं. राहू द्या शाळेत. आन् बाईंनी लिवलं आसंल ते छापा.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “माझं नाव तेवढं नका टाकू.”

“नाही टाकत अण्णा. पण ओट्यावर होते त्यांची टाकणार आहे.”

“टाका. त्यांनी काय लाजायचं?”

बाहेर आल्यावर हेडसर म्हणाले, “नशीब बलवत्तर आहे हो तुमचं.” मी म्हटलं, “नशीब कुठलं सर, डेडस्टॉक.” सर चक्क हसले.

स्मरणिका छापून आली. परिच्छेद होता, शेरा जसाच्या तसा होता, तिघांची पूर्ण नावं होती. त्या दिवशी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की बौद्धवाड्यापर्यंत मी जवळजवळ धावतच गेले. कचरूबाबा दारात बसले होते. मी पान उघडून दिलं. मला वाटलं होतं, आपण वाचून दाखवू. पण त्यांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून स्वतःच मोठ्याने वाचायला लागले. सून चूल सोडून दाराशी येऊन उभी राहिली. शेरा आला तेव्हा ते थांबले, सुनेकडे बघितलं, पुढे वाचलं. शेवटापर्यंत वाचून झालं.

“बरोबर लिवलंय,” ते म्हणाले. मग पान उलटलं, परत मागे आणलं. “पर येक ऱ्हायलं, पोरी.”

“काय बाबा?”

“मी चौथीला पयला आल्तो. ते नाय लिवलं.”

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. आणि मी कधी विचारलं नव्हतं. पाणी कसं द्यायचे, पाटी कशी ठेवायचात, ऊन कुठून यायचं, सगळं खोदून खोदून विचारलं होतं. अभ्यास कसा होता, हे विचारावं असं मला सुचलंही नव्हतं. गावाने त्यांना ओट्यावर बसवलं आणि पन्नास वर्षांनी मीही त्यांना तिथेच ठेवून आले होते. मी, त्यांच्याच वाड्यात राहणारी.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडताच निकालाचं जुनं रजिस्टर काढलं. ते जनरल रजिस्टरच्या शेजारीच होतं आणि त्याला वाळवीही लागली नव्हती. चौथीत पहिला, कचरू. दुसरा, आमचे चेअरमन. दुसरं नाव मी कुठेही लिहिलं नाही, कारण शब्द दिला होता. पहिल्यासाठी मी चिठ्ठ्या छापून घेतल्या: ‘पृष्ठ सहा. श्री. कचरू हे चौथीच्या परीक्षेत शाळेत पहिले आले होते. हे नमूद करायचे राहिले, ही लेखिकेची चूक.’ एकेका प्रतीत ती चिठ्ठी डिंकाने चिकटवली. देवरे सरही शेजारी बसून चिकटवत होते. कचरूबाबांनी मात्र त्यांची चिठ्ठी चिकटवू दिली नाही. “सुटी दे,” म्हणाले आणि ती खिशात घालून पारावर गेले.

जूनमध्ये ऑर्डर मिळाली. पुढे ऐंशीच्या दशकात मी इतिहासाच्या शिक्षकांसाठी शिबिरं घ्यायला लागले. शाळेच्या सुट्ट्यांत नामपूरपासून नाशिकपर्यंत फिरले. जातीचा इतिहास वर्गात कसा शिकवायचा, हा विषय. पुढच्या सगळ्या आयुष्याचं काम ते झालं आणि ते मी चांगलं केलं, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही. शिबिरात शिक्षक हमखास विचारायचे, आमच्या गावात असं काही होतं याला पुरावा कुठून आणायचा? मी सांगायचे, आपल्या शाळेचं डेडस्टॉक रजिस्टर वाचा आणि वस्तू हातात घेऊन बघा. सगळे भराभर लिहून घ्यायचे. मग मी सांगायचे, ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस भेटला, तर त्याला पहिल्यांदा त्याचा नंबर कितवा आला होता ते विचारा. हे वाक्य मला दरवेळी दोनदा सांगावं लागायचं.