दामूदादा विसरला नव्हता

माझं सगळं आपल्याला माहीत आहे, असं माझी बायको चारचौघांत सांगते. सांगू दे. हे तिला माहीत नाही. मुलांना नाही, विहारातल्या भन्तेजींना नाही, कुणालाच नाही. तुम्हाला सांगतो आहे आणि सांगतानाही डोकं तापलेलंच आहे. एक करा — मध्येच “जाऊ द्या, तरुण होतात तुम्ही तेव्हा” असं म्हणू नका. तसं म्हणणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो. तरुण होतो म्हणजे काय? हात माझे नव्हते?

मी डिझेल इंजिनाचा मिस्त्री. आयटीआय केली आणि सायखेड्यापासून दिंडोरीपर्यंत नदीकाठचे, विहिरीवरचे पंप दुरुस्त करत सायकलवर फिरलो. वडील नाशिकरोडच्या मालधक्क्यावर पोती उचलायचे. त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. “ए, इकडे ये,” एवढंच. आणि मला मात्र बागाईतदार “मिस्त्री, तुम्ही जेवूनच जा” म्हणायचे. त्या ‘तुम्ही’ची मला चटक लागली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते त्या चटकेपायी झालं. ही सबब म्हणून सांगत नाही. माणूस किती स्वस्तात विकला जातो, ते कळावं म्हणून सांगतो.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. कारखाना असलेले एक शेठ होते. त्यांनी मुंबईहून एक जुनी शिडाची बोट विकत घेतली, ट्रकवर घालून कसारा घाटानं वर आणली आणि गंगापूर धरणाच्या पाण्यात सोडली. सगळं नाशिक हसलं. लाकडी बोट, मध्ये उंच डोलकाठी, आणि पोटात एक म्हातारं डिझेल इंजिन. वारा पडला की ते चालवायचं. ते चालत नव्हतं, म्हणून मला बोलावणं आलं.

बोटीवर दामू होता. दामूदादा म्हणायचो मी, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठा. धरणाच्या पश्चिमेकडचा, कोकणा आदिवासी. त्याच्या घरचं भाताचं शेत धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. बोट एका ठरावीक जागेवर आली की तो बोटानं खाली दाखवायचा, “इथं आमचा बांध,” आणि लगेच दुसऱ्याच विषयावर बोलायला लागायचा. शीड चालवायला तो शेठच्या मुंबईच्या माणसाकडून आठवड्यात शिकला होता. इंजिनाशी मात्र त्याचं वाकडं. “मिस्तरी, तुमचं इंजिन म्हंजी दुखणाईत सासरा. रोज इचारावं लागतं, आज बरं हाय का. वाऱ्याला कधी ताप आलेला पाहिलाय का?” शेठसमोर म्हणायचा, शेठ हसायचे. मी पण हसायचो. आतून जळायचो.

पहिला आजार मी बरोबर ओळखला होता, एवढं श्रेय घेतो. इंजिन दहा मिनिटं चालायचं आणि धापा टाकत बंद पडायचं. डिझेलच्या नळीत हवा शिरत होती. जुनी तांब्याची नळी, वायसर झिजलेले, एका जोडाला केसाएवढी भेग. नळी बदलली, वायसर बदलले, हवा काढली, नोजल साफ केलं. दामूदादानं हँडल मारलं आणि इंजिन असं काही बोलायला लागलं की शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर! मालधक्क्यावरच्या हमालाच्या पोराच्या.

मग उन्हाळा चढला आणि दुसरा आजार सुरू झाला. इंजिन तापायला लागलं. त्याचं असं की ते थंड ठेवायला धरणाचंच पाणी लागायचं. बोटीच्या तळाला भोक, त्यावर पाणी चालू-बंद करायचा पितळी कॉक, कॉकच्या पुढे जाळीचा डबा, त्याचं झाकण धरणाच्या पाण्याहून उंच, तिथून पाणी इंजिनात, आणि गरम झालेलं पाणी मागच्या पाइपातून धुराबरोबर बाहेर. धरण आटलं तसं पाणी गढूळ झालं, शेवाळ आलं, जाळी तुंबायला लागली. उपाय साधा होता. प्रत्येक फेरीआधी जाळी काढायची, धुवायची. दामूदादा ते करतही होता. पण गाळ बारीक, तो जाळीतून जायचा, आणि आठवड्यातून दोनदा मला निरोप — इंजिन तापलं. गावातून धरणापर्यंत सायकल, भर उन्हात, चढ. आणि वर गेल्यावर सासऱ्याचा विनोद ऐकायचा.

आम्हा पंपवाल्यांची एक पद्धत होती. नदी गढूळ झाली की सक्शनच्या पाइपाला खाली जी जाळी असते, तिच्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळायचा. गाळ अडतो. पंप जरा दमतो, पण शेतावर कुणीतरी बसलेलंच असतं, फडकं काढून झटकतं, परत गुंडाळतं. मी बोटीवर तेच केलं. दामूदादा काठावर शीड शिवत बसला होता. मी खाली उतरलो, जाळीच्या डब्यात आईच्या लुगड्याचा दुहेरी तुकडा बसवला आणि झाकण आवळलं. वर येऊन त्याला सांगितलं, जाळी मी साफ केली आहे, आता तुम्ही हात लावू नका. का सांगितलं नाही फडक्याचं? तो हसेल म्हणून. बोटीत लुगडं घातलं म्हणेल म्हणून. एवढंच!

दुसऱ्या दिवशी शेठचे पाहुणे आले, मुंबईचे बँकवाले साहेब आणि त्यांच्या बायका. मलाही बोलावलं होतं. पाठीमागच्या पाइपातून पाणी पडतंय ना, यावर लक्ष ठेवायचं, एवढंच माझं काम होतं. वारा अजिबात नव्हता.

आता हे नीट ऐका. दामूदादाची एक सवय होती. बोट सोडून जाताना तो पाण्याचा कॉक बंद करायचा आणि इंजिन सुरू करायचं हँडल त्या कॉकच्याच दांड्याला अडकवून ठेवायचा. म्हणजे दुसऱ्या दिवशी हँडल घ्यायला हात कॉकपाशीच जाणार. कॉक उघडायचा विसरणं शक्यच नाही. त्या दिवशी त्यानं हँडल काढलं, कॉक उघडला, इंजिन सुरू केलं. मी तिथेच उभा होतो. मी पाहिलं. माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं.

मग शेठनी मला पाहुण्यांत बसवलं. खुर्ची दिली. सरबत दिलं. “हे आमचे मिस्त्री, यांनीच जिवंत केलं हिला.” साहेबांनी विचारलं, डिझेलला ठिणगी लागत नाही म्हणतात ते कसं? आणि मी सांगायला लागलो. हातवारे करून सांगत होतो. पाठीमागच्या पाइपाकडे माझी पाठ होती. ते पाणी कधी बारीक झालं, कधी थांबलं, नुसता कोरडा धूर कधी यायला लागला, मला माहीत नाही. दामूदादा पुढच्या टोकाला दोर मोकळे करत होता. जळक्या रंगाचा वास आला, आवाज जड झाला आणि इंजिन एक हिसका देऊन थांबलं. पिस्टन जाम.

मी खाली उडी मारली. वाफ, काळा धूर, हात लावायची सोय नाही. जाळीचा डबा उघडला. फडक्यावर गाळाचा थर बसला होता, लिंपल्यासारखा. पाण्याचा थेंब पुढे जात नव्हता. वर शेठचा आवाज — “काय झालं मिस्त्री?” — आणि जिन्यावर त्यांची चप्पल.

मी फडकं ओढून काढलं. खिशात कोंबलं, ओलं, मांडीला चिकटलं. झाकण लावलं.

आणि कॉक बंद केला.

हेच ते. कुणी मला सांगितलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. दांडा धरला आणि पाव फेरा फिरवला. नुसतं गप्प बसलो असतो तरी मी भित्रा ठरलो असतो. पण भित्रा माणूस हात हलवत नाही हो! मी हलवला. शेठ खाली आले तेव्हा मी तोंडानं काही बोललोसुद्धा नाही, कॉककडे बोट दाखवलं.

शेठनी दामूला खाली बोलावलं. तो वाकला, कॉक बघितला, परत बघितला. “म्या उघडला व्हता. हँडल तर तिथूनच काढलं,” म्हणाला, आणि मध्येच थांबला. मी त्याच्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता हा चिडेल, माझ्याकडे वळेल. वळला असता तर कदाचित... नाही. ते कदाचित खोटं आहे, सोडून द्या. तो स्वतःच्या हाताकडे बघायला लागला. पालथा करून, उताणा करून, कुणा दुसऱ्याचा हात असावा तसा. शेठ ओरडत होते, या लोकांच्या हातात मशीन द्यायचंच नसतं, वगैरे. ‘या लोकांच्या’! हे शब्द माझ्या बापानं आयुष्यभर ऐकलेले. आणि तरीही मी काय बोललो ऐका.

“विसरला असाल दादा. होतं माणसाचं.”

माझ्या आवाजात माया होती. खरी वाटावी अशी माया.

दुपारी वारा सुटला. दामूदादानं शीड चढवलं आणि सगळ्यांना काठाला आणलं. काठावर पाहुण्यांसमोरच शेठनी त्याला काढून टाकलं. मला म्हणाले, “मिस्त्री, इंजिनाचं बघा तुम्ही.” तुम्ही. मिळालं ना हवं ते?

पुढच्या आठवड्यात तो आमच्या वस्तीत घर शोधत आला. मला वाटलं, कळलं याला. मी दारातच उभा राहिलो, भांडणाच्या तयारीनं. तर तो माफी मागायला आला होता. माझी! तुमची एवढी मेहनत माझ्यापायी वाया गेली, म्हणाला. सगळ्यांसमोर तुम्हीच तेवढे चांगलं बोललात, म्हणाला. आईनं त्याला चहा दिला, तो तिच्या पाया पडला. जाताना पिशवीतून आणलेले करवंदांचे दोन द्रोण ठेवले. मी ती करवंदं खाल्ली. हो, खाल्ली.

मग बरीच वर्षं मला त्याचाच राग येत राहिला. विचित्र वाटेल तुम्हाला, पण त्याचाच. का मानलंस तू? हँडल कॉकवरून काढल्याचं तुला आठवत होतं, तुझं तुला माहीत होतं, मग एक सर्टिफिकेटवाला म्हणाला म्हणून स्वतःच्या हाताला खोटं पाडलंस? एक शिवी दिली असतीस मला, तर मी सुटलो असतो. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं शील आलं की मी ते बाकीच्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायचो. अजूनही म्हणतो. शेजारचे समजतात, श्रद्धा आहे.

शेठच्या ओळखीनं माझं बरं चाललं. नाशिकजवळच्या अंबडला कारखाने वाढले, जनरेटरची कामं मिळाली, स्वतःचं शेड झालं. बोट केव्हाच काठावर कुजून गेली. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल, अंबडच्याच एका छोट्या कारखान्याच्या फाटकावर मला दामूदादा दिसला. वॉचमनच्या खाकी शर्टात. पिकला होता. मला पाहून त्याला आनंद झाला, हेच मला सहन होईना. संध्याकाळ होती, पाळी सुटली होती, तो फाटक बंद करून घरी निघत होता.

कुलूप लावलं, ओढून बघितलं. दोन पावलं गेला, परत आला, परत ओढून बघितलं. सायकलवर पाय टाकला, उतरला, परत आला. मी विचारलं, काय झालं दादा? तो ओशाळा हसला.

“तवापासून असंच हाय, मिस्तरी. हात करून मोकळा व्हतो अन् डोकं म्हणतं, केलं नाय. घरी चुलीपाशी बी दोन-दोनदा जातो. बायको म्हणते, याला बाहेरचं लागलं. तुम्हीच बघा बरं जरा. तुमचा भरवसा हाय मला.”

रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. घाई नव्हती, शेठ नव्हते, पाहुणे नव्हते. चार शब्द लागले असते — दादा, तुम्ही उघडला होतात. मला ते चार शब्द आले नाहीत. मी पुढे झालो, कुलूप ओढलं आणि म्हणालो, लागलंय, जा तुम्ही.

तो गेला. त्यानंतर दोनेक वर्षांत वारला, असं कळलं. पण त्या संध्याकाळी तो जिवंत होता आणि ऐकू येण्याइतका जवळ होता. वळणावर सायकल थांबवून, एक पाय खाली टेकवून त्यानं मागे वळून बघितलं. फाटकाकडे नाही, माझ्याकडे. लागलंय ना, असं मान हलवून विचारलं. मी हात वर करून दाखवला, लागलंय. मग तो निघाला.