लेखक म्हणायचं राहून गेलं

भानुदास गेल्याचं मला फोनवर कळलं. आमच्या शहरातल्या लिहिणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप गट आहे, त्यावर सकाळी मजकूर आला… ‘खुलताबाद तालुक्यातील हौशी लेखक भानुदास ढगे यांचे हृदयविकाराने निधन.’ खाली हात जोडलेल्यांची रांग. मीही हात जोडले आणि फोन ठेवला. मग चहा घेताना ‘हौशी’ हा शब्द खटकला. तो शब्द त्याला कुणी चिकटवला, हे त्या गटात एकट्या मलाच ठाऊक होतं. पाच आठवडे झाले, मी हे लिहायचं टाळतो आहे.

भानुदास अर्जनवीस होता. खुलताबादच्या तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचा. वीसेक वर्षांपूर्वी प्लॉटच्या फेरफारासाठी मी तिथं गेलो, तेव्हा माझ्यापुढे एक म्हातारी होती. तिचा बांध भावकीने कोरला होता. ती रडत होती, मधेच शिव्या देत होती, आणि हा न लिहिता नुसता ऐकत होता. मग एका दमात त्याने पानभर अर्ज लिहून तिला वाचून दाखवला. म्हातारी डोळे पुसून म्हणाली, “व्हय, आस्संच झालं बघ.” मी कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस, कान टवकारले. विचारलं, “तुम्ही काही लिहिता का?” तो म्हणाला, “दिवसभर तेच तर करतो की सर.” आणि टेबलाच्या खणातून त्याने बिघडलेल्या अर्जांचा गठ्ठा काढला. पाठकोऱ्या बाजूंवर गोष्टी होत्या. मेंढरांच्या, मेंढपाळांच्या फिरत्या वाड्यांच्या, पाऊस हुकल्यावर कळप घेऊन खाली उतरणाऱ्या त्याच्या धनगर आजोबांच्या.

तेव्हापासून शनिवारी तो एसटीने माझ्या घरी यायचा. मी महिन्याभरात त्याला अरेतुरे करू लागलो, तो मात्र शेवटपर्यंत ‘सर’ आणि ‘तुम्ही’वरच राहिला. हेही आता टोचतं. माझ्याकडे लिहिणारे लोक जमत, आणि कुणाला काय म्हणायचं यावरून तिथं रुसवेफुगवे चालत. एकाला नुसतं कवी म्हटलेलं खपायचं नाही, कवी-समीक्षक हवं. एक बाई ‘लेखिका’ म्हटलं की भडकायच्या, लेखकच म्हणा म्हणायच्या. एक पत्रकार स्वतःला लेखनकामगार म्हणवून घ्यायचा, आणि कामगार शब्द छापायचा राहिला की कार्यक्रमालाच यायचा नाही. मी स्वतः निवृत्त झाल्यावर व्हिजिटिंग कार्डावर ‘ज्येष्ठ साहित्यिक’ छापून घेतलं होतं. भानुदासने ते कार्ड उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, “आमच्याकडं मेंढराच्या पाठीवर ज्याचा त्याचा रंग मारत्यात सर, दुसऱ्याच्या कळपात जाऊ नये म्हणून. तसंच हाय ह्ये.” आम्ही खूप हसलो. त्याच्या पाठीवर कुणी रंग मारलाय का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मग त्याचं पुस्तक निघालं, नऊ गोष्टींचं. प्रकाशक मीच पाहून दिला, मलपृष्ठाचा मजकूरही मीच लिहिणार होतो. त्यासाठी भानुदासने एक चिठ्ठी आणली, अर्ज लिहायच्या त्याच्या गोल, ठळक अक्षरात… ‘भानुदास येडूबा ढगे. लेखक. तालुका खुलताबाद.’ बस्स, एवढंच. मी हसलो. म्हटलं, “अरे, हे आपलं आपण लिहायचं नसतं. लोकांनी म्हणायचं असतं.”

तो म्हणाला, “मग तुम्ही म्हना की सर.”

मी नाही म्हटलं. मी लिहिलं, ‘व्यवसायाने अर्जनवीस असलेले भानुदास ढगे हौसेने कथा लिहितात.’ त्या वर्षी माझी कादंबरी तीन ठिकाणांहून साभार परत आली होती. आणि याच्या नऊ गोष्टींतली एक अशी होती, की वाचून झाल्यावर मी दोन दिवस स्वतःची एक ओळ लिहू शकलो नव्हतो. मला त्याचा मत्सर वाटला. वाक्यात नम्रता त्याची दिसेल आणि मोठेपणा माझा, असा बेत मी केला. हे कबूल करताना आज लाज वाटते, पण दुसरं काही कारण नव्हतं.

छापील पुस्तक हातात आल्यावर त्याने पुस्तक उघडण्याआधी उलटं केलं, ओठ हलवत मजकूर वाचला आणि म्हणाला, “हौसेनं… बरं हाय. हौसेला मोल नसतं म्हनत्यात.” मी पाठीवर थाप मारली. त्यानंतर शनिवार विरळ झाले. काही नवं लिहिलंस का विचारलं तर म्हणायचा, “सध्या अर्जच लई हायेत सर.” सात वर्षं त्याने मला एक ओळ दाखवली नाही. आणि मी चार लोकांत सांगत फिरलो, भानुदास एका पुस्तकात आटला.

दशक्रिया उरकल्यावर चार दिवसांनी मी त्याच्या गावी गेलो. त्याच्या बायकोने, कडूबाई वहिनींनी, चहा दिला. मग माळ्यावरून एक खोकं उतरवायला लावलं. त्यात त्याच्या वाट्याच्या पंचवीस प्रती होत्या, एकही कुणाला न दिलेली. प्रत्येक प्रतीच्या मलपृष्ठावर ‘हौसेने कथा लिहितात’ या शब्दांवर पट्टीने एक सरळ रेघ मारलेली, वर निळ्या शाईत ‘लेखक आहेत’, आणि शेजारच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीची बारीक फुली. फुली कशाची ते मला कळेना.

“तिथं तुमची सही पायजे,” वहिनी म्हणाल्या. “कागदावर खाडाखोड झाली तर मूळ लिहिनाऱ्यानं बाजूला सही करायची. त्याबिगर दुरुस्ती खरी धरत नाय, असं हे म्हनायचे.”

“मग कधी बोलला का नाही?”

“दोनदा पिशवीत घालून निघाले व्हते तुमच्याकडं. खुलताबादच्या स्टँडवरून माघारी आले. म्हनले, सरांना वाईट वाटंल.”

मी खिशातलं पेन काढलं. खाली बसून एकेका फुलीवर सही करू लागलो. तिसऱ्या प्रतीला वहिनींनी हात आडवा केला. “तारीख बी टाका सर. बिनतारखेची सही चालत नाय.”

खरं सांगतो, पुस्तक निघालं त्या वर्षाची तारीख टाकावी असं मनात आलं. सात वर्षं एका आकड्यात झाकली गेली असती, वहिनींनीही काही म्हटलं नसतं. पण ज्याच्या दारात बसलो होतो, त्याने उभ्या जन्मात कुणाच्या कागदावर मागची तारीख घातली नव्हती… मी पंचवीसही प्रतींवर त्या दिवसाची तारीख घातली. आता यातली कुठलीही प्रत कुणी उलटी करून पाहिली, की त्याला दिसेल… भानुदास ढगे लेखक आहेत, शेजारी माझी सही, आणि तारीख तो गेल्यानंतरची.