दगडावर नसलेली ओळ

"सांग की गं, तूच वाचलं व्हतंस," हे म्हणाले, आणि शाळेच्या अंगणातल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "मी कुठं वाचलं? तुम्हीच कुठंतरी ऐकलं आसंल."

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. लेकीलाही नाही.

हे म्हणजे माझे मालक. भांडगावात सगळे त्यांना आबा म्हणायचे. निम्मा जन्म मेंढरांमागं गेला, शाळेचं तोंड बघितलं नाही. मी चौथी शिकलेली. आलेलं पत्र, एसटीची पाटी, औषधाची बाटली — सगळं मी वाचायची, आणि हे शेजारी बसून ऐकायचे, जणू ते मीच लिहिलंय. भेटेल त्याला सांगायचे, "आमच्या मंडळीला दिसंल ते वाचता येतं." असं सांगत फिरणाऱ्या माणसाला "नाही येत" कसं म्हणायचं?

एकदा पुण्याला ह्यांचे डोळे दाखवायला गेलो होतो. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून जुन्या बागेत शिरलो. तिथं एका कवीचं स्मारक — छातीपर्यंतचा पुतळा, खाली काळ्या दगडात कविता. ह्यांनी वहाणा काढल्या. मी म्हटलं, देव न्हाई तो. तर म्हणाले, "ज्याचं बोलणं दगडात कोरत्यात, त्याच्याम्होरं वहाणा कशाला?" आणि मग — "वाच."

वर कवीचं नाव होतं, ते वाचलं. पुढं अडले. अक्षरं ओळखीची, शब्द नाहीत. तीन-तीन अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली. हे अनवाणी उभे, वाट बघत. आम्ही मेंढरं विकून शेतीला लागलो होतो त्याला चार वर्षं झाली होती, पण हे अजून माळाकडं बघत बसायचे. तेच डोक्यात असेल. मी दगडाकडं बघत म्हणाले, "मेंढरं गेली पुढं, वाट मागंच ऱ्हायली."

ह्यांनी त्या अक्षरांवरनं हात फिरवला. मग म्हणाले, "पुण्यातल्या मानसाला हे कसं ठावं?"

परतीच्या गाडीत यवत येईपर्यंत तीच ओळ पुटपुटत होते. तेव्हा सांगितलं का मी? नाही. मला बरं वाटत होतं — खोटं कशाला लिहू?

पुढं ती ओळ ह्यांनी गावभर केली. शाळेच्या कार्यक्रमात गुरुजींनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचेत का, तर हे उठले. कवीचं नाव सांगितलं, पुण्याच्या बागेतल्या दगडावरची म्हणून ओळ म्हणाले. गुरुजी हसले. "आबा, त्या दगडावरची कविता मला पाठ आहे. तिच्यात एकही मेंढरू नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "आबाचीच सुटली आसतील, शिरली बागंत." अंगण हसलं. तेव्हा हे माझ्याकडं वळले, आणि मी पदर सारखा केला.

"आसंल," हे म्हणाले. "कान म्हातारं झालं माझं." आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी लेकीचं पत्र आलं. ते नेहमीसारखं माझ्यापुढं ठेवलं — "वाच." शेजारी बसून नेहमीसारखं ऐकलं. मेंढरांची ओळ मात्र पुन्हा त्यांच्या तोंडून आली नाही. त्यानंतर अकरा वर्षं जगले. सांगायला अकरा वर्षं कमी होती का?

त्यांचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही. इथं लिहिते. ओळ रचली ती मी. हसं झालं ते धोंडिबाचं.