अमारोचा गुडघा आणि ग्लासगोचे दोन दिवस

अमारोचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी बेसिंगस्टोकच्या क्लिनिकमध्ये डबा खात होते. "पुढच्या महिन्यात माझा गुडघा बदलतायत. त्याआधी ये. एक गोष्ट समोरासमोर सांगायचीय." बारा वर्षांनी त्याचा आवाज ऐकला.

अमारो पोर्तुगालच्या एका मच्छीमार गावातला. बाविसाव्या वर्षी ग्लासगोच्या एका क्लबमध्ये मिडफिल्डर म्हणून आला. गोल करणाऱ्यांचे फोटो छापून यायचे, त्यांच्यापर्यंत चेंडू पोचवणारा हा. मैदानभर दुसऱ्यांसाठी धावायचा. मी त्या क्लबची फिजिओ. एका महत्त्वाच्या मॅचच्या सकाळी मी त्याचा गुडघा तपासला, वाकवून पाहिला, उड्या मारायला लावल्या आणि 'फिट' असं लिहून दिलं. दुसऱ्या हाफमध्ये तो वळला, पाय मात्र वळला नाही. तिसाव्या वर्षी त्याचा खेळ संपला. त्याच वर्षी मी ती नोकरी सोडून दक्षिण इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकला आले.

"जाऊन ये," माझा नवरा सतीश म्हणाला. "नाहीतर आणखी बारा वर्षं स्वतःलाच कोसत बसशील."

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, युस्टन आणि तिथून थेट ग्लासगो सेंट्रल, साधारण साडेचार तास. तिकीट आधीच काढून ठेवा, ऐनवेळी फार महाग पडतं. जाताना डाव्या खिडकीची सीट घ्या. लँकेस्टरनंतर थोडा वेळ समुद्र अगदी जवळ येतो. मी सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दाण्याची चटणी नेली होती. डबा उघडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमारोनं कळवलेल्या नगरपालिकेच्या मैदानावर गेले. बारीक पाऊस, आणि त्यात साठी-सत्तरीची दहाबारा माणसं वॉकिंग फुटबॉल खेळत होती. पळायचं नाही, फक्त चालायचं, हाच नियम. कडेला काठी टेकून अमारो ओरडत होता, "जिम, तू पळलास! मी बघितलं!" केस पिकलेत, आवाज तसाच.

खेळ संपल्यावर आम्ही समोरच्या कॅफेत बसलो. मसुराचं सूप आणि ब्रेड आला. त्यानं चमचाही उचलला नाही.

"त्या सकाळी तुझ्याकडे यायच्या आधी मी वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या," तो म्हणाला. "पायाला काही जाणवतच नव्हतं. तू दाबत होतीस आणि मी हसत होतो."

मला राग आला. मी सूपची वाटी बाजूला सारली.

"बारा वर्षं, अमारो! मला वाटत राहिलं, माझ्या हातांना कळलं नाही. मी फुटबॉलचं काम सोडलं."

"ते मला गेल्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी फक्त माझंच काय गेलं ते मोजत होतो."

"गोळ्या घेतल्यास का, हे मी विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तरी खोटंच बोललो असतो. मला खेळायचं होतं. त्या दिवशी आई पहिल्यांदा विमानात बसून माझी मॅच बघायला आली होती."

सूप गार झालं होतं. 'माफ कर' असं तो म्हणाला, पण त्यावर 'असू दे' हे माझ्या तोंडून निघालं नाही. मी एवढंच म्हणाले, "पाय दाखव." त्यानं खुर्चीत बसूनच पँट वर केली. गुडघा दगडासारखा झाला होता. मी हलकेच वाकवला. आता त्याला दुखलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

परतीच्या गाडीत त्याच्यासाठी ऑपरेशनआधीचे व्यायाम लिहून काढले. घरी सतीशनं विचारलं, "मग? बरं वाटलं का?"

"हलकं नाही वाटलं," मी म्हणाले. "पण काय उचलून फिरत होते, ते कळलं."

माझ्या हातून चूक झाली नव्हती, पण एक प्रश्न विचारायचा राहिला होता. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही मी ठेवून घेतलंय. रागही अजून पुरता गेलेला नाही.

काल ऑपरेशननंतरचा व्हिडिओ आला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, वॉकर धरून, अमारो सहा पावलं चालतो. मी तो तीनदा पाहिला आणि उत्तर पाठवलं: "टाच आधी टेक. घाई करू नकोस."