वरच्या मजल्यावरची कपाटं

धुळ्यात आम्ही भाड्याने राहतो. घरमालक नानांची सक्त ताकीद आहे की भिंतीला खिळा ठोकायचा नाही, कॅलेंडरसाठीसुद्धा नाही. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूलाही तीच ताकीद आहे, तरी त्याची पुस्तकांची उंच कपाटं खांबासारखी उभी असतात. तो माणूस कशावरही रेलतो, स्कूटरवर, जिन्याच्या कठड्यावर. पाहुणा आला की कपाटावर अंग टाकून विचारतो, "हललं का? सांगा ना, हललं का?"

माझी दोन्ही कपाटं मात्र हलत. उंची, खोली, वजन, सगळं मोजून लावली तरी हलत. अंगावर येतील म्हणून मुलीला मी त्यांच्याजवळ जाऊ देत नसे. मग ती वाचायला वर जायची आणि जेवायला हाक मारली तरी उतरत नसे. ते मला सहन होईना. शेवटी मीच त्याला बोलावलं.

"भाऊ, बठ्ठं वजन वर शे," म्हणत त्याने वरच्या खणांतली सगळी जाड पुस्तकं खालच्या खणांत घातली. दोन्ही कपाटं कोपऱ्यात काटकोनात लावून एकमेकांना स्क्रूने जोडली, पुढच्या पायांखाली प्लायच्या पट्ट्या सारल्या. मग सवयीने रेलला. एकदा तरी हलावं, असं मला, तिच्या बापाला, वाटून गेलं. कपाट ढिम्म.

"काका, भारीच!" मुलगी म्हणाली.

"मी नुसते स्क्रू पिळले, बेटा. डोकं तुझ्या बाबांचं शे."

साफ खोटं, पण किती सहज बोलला. मुलगी हसली, तेही त्याच्याकडेच बघून.