ओट्यावरचं ऑफिस

सुट्टीत घरी आले, की बियाण्यासाठी ठेवलेल्या नाचणीला, आमच्या नागलीला, चोळलेल्या राखेचा वास येतो आणि ती बैठक आठवते. हरसूलजवळच्या आमच्या शेती संस्थेची देणगी बंद झाली होती. शहरातल्या गंगापूर रोडच्या ऑफिसचं भाडं द्यायला राखीव ठेव मोडू, असं संस्थेच्या ताई खालमानेनं म्हणाल्या. बैठकीत कधी न बोलणारी आई उठली. “ताई, उपाशी राहलो तरी बियाची नागली आमी दळत नाय. ऑफिसच आमच्या ओट्यावर आना.” “अन् कोंबड्या शिपाई!” कोणीतरी म्हणालं. सगळे हसले, पण आठवड्यात टेबल आलं. त्याच पावसाळ्यात भाताची रोपं कुजली, तेव्हा ठेवीतूनच गावाला नवं बियाणं मिळालं. नाहीतर मी आज कॉलेजात नसते, निफाडच्या द्राक्षबागेत मजुरीला असते. आईला हे सांगायला गेले, तर ती म्हणते, “आधी टेबलावरची कोंबडी हाकल.”